फवारणीचं किट अंगावर टिकतच नाई, तुम्ही काय करता?

काळी_माती
राम राम मंडळी. आर्णीकडचा आहो, जास्त कपाशीच, मंधात तूर. प्रश्न फवारणीच्या किटचा हाय. औषधासंगं दुकानातून किट भेटलं, पातळ प्लास्टिकचा कोट, टोपी, चष्मा, मास्क अन् हातमोजे. दिसाले बरं हाय, पण पाऊस उघडल्यावर सप्टेंबरचं ऊन पडते अन् जमिनीतून जे वाफ निघते, त्यात ते घालून पऱ्हाटीत शिरलं की पहिला पंप संपेपर्यंत आतून बनियन पिळून घ्या. चष्म्यावर वाफ धरते, मंग फवारा शेंड्यावर चालला का बाजूच्या तासावर चालला काई समजत नाई, म्हणून माणूस चष्मा वर करते, अन् वर करते कायनं तर औषधानं भरलेल्या हातमोज्यानं. मास्क घामानं ओला झाला की श्वास घेतला का तोच नाकात येते. हातमोजे एवढे ढगळे की पंपाचा खटका दाबाले बोटच सापडत नाई.

गडी तर सरळ म्हणते, मालक, औषधानं मरीन तवा मरीन, ह्या कोटात आजच मरतो. इकडे घरून रोज किट घाला किट घाला चालू राह्यते. २०१७ ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते इथं कोणाले सांगाची गरज नाई, फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो लोकं दवाखान्यात पडून होते, म्हणून भेव बी वाटते. तर मले सांगा, सगळंच घालणं जरुरी हाय का, काय सोडलं तर चालते अन् काय सोडलं तर बिलकुल चालत नाई? डब्यासंगचा कागद वाचा म्हणून नका सांगू, त्याच्यावरचं वाचाले भिंग लागते.

बेसरम_झाड
आमच्या इकडे कोट बुजगावण्याले घालून ठेवला भाऊ, रोही बी दुरून जाते. टोपी पोट्टे क्रिकेटले घेऊन गेले. किटचा पुरा वापर झाला, कोण म्हणते लोकं वापरत नाई.

कृषीपदवी_बेकार
बुजगावण्यावर हसू आलं खरं, पण प्रश्न बरोबर आहे, अन् गडी पण चूक बोलून नाही राहिला. तो पातळ प्लास्टिकचा कोट घाम बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे दमट हवेत अंग थंडच होत नाही, चक्कर येणारच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेलं आहे की फवारणीवाल्याचे कपडे औषध आत न जाऊ देणारे अन् धुता येतील असे पाहिजे, हातमोजे मनगटापुरते नाही तर कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत पाहिजे. आता तुमच्या किटमधला कोट धुवून बघा, पहिल्याच धुण्यात चिंध्या.

महत्त्वाचं हे की फवारताना औषध अंगात जास्त जातं ते कातडीतून, नाकातून त्यामानाने कमी. अन् आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात, तोंडाला दुपट्टा घट्ट बांधतात अन् खाली हाफचड्डी. ओल्या पऱ्हाटीतून चालताना मांड्या अन् पोट भिजतं, आणि दुसरं म्हणजे टाकी. झाकणाचं वायसर गेलेलं असते, वाकलं की पाठीवर गळते, ती ओल शर्टातून कंबरेत, कंबरेतून जांघेत उतरते, अन् जांघेची नाजूक कातडी सगळ्यात पटकन औषध ओढून घेते. माणसाला वाटतं घामच आहे. म्हणून किट घालायच्या आधी टाकीत साधं पाणी भरून पाठीवर घ्या, दहा मिनिटं फिरा अन् पाठ कोरडी राहते का बघा. वायसरला किती पैसे लागतात हो.

मी स्वतः घरच्या वावरात काय करतो ते सांगतो. जाड कॉटनचा फुल बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावून, अन् फुलपँट. त्याच्यावर मेनकापड फक्त दोन ठिकाणी, एक पाठीवर टाकीच्या खाली, दुसरं समोरून कंबरेपासून नडगीपर्यंत एप्रनसारखं बांधलेलं. बाजूनं हवा लागते, त्यामुळे सकाळी दोन अडीच तास तरी टिकता येतं. पायात गमबूट, पँट बुटाच्या बाहेर, आत खोचली की निथळलेलं सगळं बुटात जमा होते. कॉटन भिजलं असं वाटलं तर तिथंच थांबून शर्ट बदलायचा, वावरात एक शर्ट जास्तीचा न्यायचा. पण हा जुगाड डब्यावर निळा किंवा हिरवा त्रिकोण असलेल्या, म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी औषधापुरता. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर पूर्ण किट घाला नाहीतर ते औषधच घेऊ नका, दुकानदाराला दुसरं मागा. मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्ये बंदीचा आदेश निघाला तरी जुना डबा कोणाच्या गोठ्यात पडलेला असू शकतो, तो उघडू नका.

हातमोजे सोडायचे नाही, खास करून औषध कालवताना. टाकीत गेल्यावर औषध पातळ होतं, पण डब्यातलं ते आख्खं असतं, त्याचा एक शिंतोडा म्हणजे टाकीतल्या कितीतरी पाण्याएवढा. कापडी नाहीतर चामड्याचे मोजे औषध पिऊन घेतात, मग दिवसभर ते हाताला धरून बसतात, त्यापेक्षा उघडा हात बरा, धुता तरी येतो. नायट्राईल रबराचे जाड, आपल्या मापाचे घ्या. बाही कुठं ठेवायची यात पण गंमत आहे, नळी खाली धरून फवारत असाल तर बाही मोज्याच्या बाहेर, हात वर करून फवारत असाल तर बाही मोज्याच्या आत अन् मोज्याची कड बाहेरून दुमडून ठेवायची, नाहीतर ओघळ थेट कोपरात.

चष्म्याला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून चोळा अन् सुक्या फडक्यानं पार पुसून काढा, वाफ कमी धरते. तरी जमत नसेल तर कपाळावर बसणारी पारदर्शक काच येते, कोरोनात सगळ्यांनी घेतली होती ती, खालून हवा खेळती राहते. कालवताना मात्र चष्माच पाहिजे, उडालं तर काचेच्या खालून डोळ्यात जाते. किटमधला पातळ मास्क धुळीपुरता आहे. झडप असलेला एन-९५ त्याच्यापेक्षा श्वासाला हलका जातो अन् थेंब अडवतो. वास येतच राहील, कारण वाफ तो अडवत नाही, त्याला कोळशाचं फिल्टर असलेला रबरी मास्क लागतो. अन् दाढी ठेवली असेल तर कोणताच मास्क नीट बसत नाही.

दोन_बैल_एक_पंप
पदवीवाल्या भाऊनं बराबर सांगतलं. पण २०१७ च्या गोष्टीत किटच्या पहिले पऱ्हाटी पाहाले पाहिजे. त्या साली झाडं माणसाच्या डोक्याच्या वर गेलते, तासं एकमेकात घुसले होते, आत हवा नाई, वरून ऊन अन् दमट. फवाराले नळी वर कराव लागे अन् मारलेलं सगळं आपल्याच तोंडावर, छातीवर. त्यात ते पेट्रोलचे चायना पंप, जुना हातपंप कसा जाडा थेंब टाके, हे धुकं करते अन् धुक्यात माणूस चालते. अशा वावरात किट घातलं काय अन् नाई घातलं काय, अर्धा भिजतेच. म्हणून मी म्हणतो पऱ्हाटी खांद्याच्या वर जाऊच देऊ नका, टायमावर शेंडे खुडा, लागवडीत अंतर ठेवा. ते केलं तर किट घालणं सोपं होते, नाईतर नाई.

दुसरं, किट घालाची येळ असते. सकाळी दहाच्या आत आटपा, मंग चारनंतर. दुपारच्या उन्हात किट घालून जाणारा अन् बिना किटचा जाणारा, दोघंही येडेच. हवा पाठीवर नाईतर बाजूनं घ्या, अन् आपणच फवारलेल्या तासातून वापस येऊ नका. नोझल बंद पडलं तर तोंडानं फुकणारे अजूनही हायेत, त्याले काडी नाईतर जुना दातघासणीचा ब्रश खिशात ठेवा.

अन् खर्रा! किट घालून मास्क गळ्यात लटकावून त्याच हातानं खर्रा तोंडात टाकणारे म्या डोळ्यानं पाह्यले. आता तुमचा एन-९५ काय करीन तिथं? मास्कचा मले तर एकच मोठा फायदा दिसते का तो असला तर खर्रा खाता येत नाई.

आणखी एक इचारतो काळी_माती भाऊ, गड्याले पंपामागं पैसे देता का रोजानं? पंपामागं देत असान तर तो किट कधीच घालणार नाई. किट घातलं की सावलीत बसाव लागते, पाणी प्याव लागते, दिवसाचे पंप कमी होते. त्याच्या पोटावर येते ते.

काळी_माती
पंपामागंच देतो काका, आमच्या इकडे सगळेच तसं देते. शेंडे खुडाचं यंदा राहून गेलं, मजूरच भेटले नाई.
आणखी एक. परवा गड्याले चक्कर आली, मळमळ बी. तो म्हणे किटच्या गरमीनं झालं, मी म्हणलो औषधानं. निंबाच्या सावलीत बसवलं, आंघोळ कराले लावली, बरा झाला. पण दोन्हीत ओळखाव कसं?

रात्रपाळी_सिस्टर
मी ग्रामीण रुग्णालयात आहे, सीझनमध्ये हे रोजचंच. दादा, वावरात उभं राहून ओळखत बसू नका. दोन्हीत करायचं पहिलं काम एकच आहे, किट आणि कपडे सगळे काढा, सावलीत न्या, साबणपाणी लावून अंग धुवा, केस अन् नखंसुद्धा. धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे, नाहीतर दुसरा पेशंट तोच. तुम्ही आंघोळ घातली ते अगदी बरोबर केलं.

ओळखायचंच असेल तर डोळे बघा. फॉस्फरसवाल्या औषधांनी, म्हणजे प्रोफेनोफॉस, मोनो वगैरे, डोळ्यातली बाहुली बारीक होते, टाचणीच्या डोक्याएवढी. लाळ गळते, डोळ्यातून पाणी, उलटी, संडास, छाती भरल्यासारखी होते, दंडाचं मांडीचं मांस आपोआप फडफडतं. नुसत्या गरमीत लाळ गळत नाही अन् मांस उडत नाही. पण घाम दोन्हीत येतो, म्हणून घामावरून ठरवू नका, अन् सगळीच औषधं अशी लक्षणं देत नाहीत, त्यामुळे डबा सोबत आणाच. आम्हाला कितीदा नुसतं सांगतात की पांढरं औषध होतं, निळ्या झाकणाचं. त्यावरून काय समजणार? उलटी करवू नका, मीठपाणी, दूध, तूप काही पाजू नका, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेचं माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, फुकट आहे, तिथं विचारता येतं.

आता किटच्या त्रासाबद्दल बोलतच आहात तर आमच्याकडचा त्रासही सांगते, कारण भांडणं त्यावरच होतात. पेशंट आला की ऑक्सिजनचा मास्क लावतो. त्याला तो गुदमरल्यासारखा वाटतो, ओढून काढतो, अन् बाजूला उभे असलेले भाऊ, मेव्हणे म्हणतात सिस्टर काढा ना, त्याला त्रास होऊन राहिला. त्रास मास्कचा नाही हो, छातीत पाणी सुटलेलं आहे त्याचा आहे. ते पाणी नळीनं ओढावं लागतं, नळी घशात गेली की उबळ येते, डोळे पांढरे करतो, बायको रडायला लागते. नाकातून पोटात नळी, लघवीची नळी, दोन्ही हातात सुया. कोणालाही नको वाटेल असंच आहे ते, मी नाही म्हणत नाही.

मग ॲट्रोपिन, म्हणजे ह्या विषावरचं इंजेक्शन. छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. त्यानं तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते, पेशंट पाणी पाणी करतो अन् आम्ही देत नाही, कारण ते श्वासनळीत जायची भीती असते. ओला कापूस ओठाला लावतो. बाहुल्या मोठ्या होतात, जवळचं धूसर दिसतं, छाती धडधडते, कधीकधी माणूस हवेत काहीतरी वेचायला लागतो, भलतंच बडबडतो. घरचे म्हणतात चांगला आणला होता, इथं येऊन पागल केला. ते औषधाचं आहे, उतरतं. त्या टायमाला हात पट्टीनं कॉटला बांधावे लागतात, नाहीतर सगळ्या नळ्या ओढून काढतो. रात्री आमची पाठ वळली की नातेवाईक दया येऊन ती पट्टी सोडतात, अन् पाच मिनिटात सुई बाहेर, रक्त चादरीवर. कृपा करून सोडू नका. पट्टी फार आवळली आहे असं वाटलं, बोटं सुजली दिसली तर आम्हाला उठवा, आम्ही सैल करतो.

अजून एक. दुसऱ्या दिवशी पेशंट उठून बसतो, चहा मागतो, अन् घरचे सुट्टी मागतात कारण घरी वावर पडलंय. फॉस्फरसवाल्या विषात एक ते चार दिवसात मान अन् श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, बरा दिसणारा माणूस अचानक श्वास घ्यायला कमी पडतो. मान उशीवरून उचलता येते का हे आम्ही म्हणूनच पुन्हा पुन्हा बघतो. डॉक्टर सोडत नाहीत तोपर्यंत नेऊ नका.

चुलीवरची_भाकर
सगळे पंपवाल्याचंच बोलून राहिले. किट एक येते, ते पंपवाल्याले. ड्रमात पाणी आणून टाकणारी बाई, टाकी भरून देणारी बाई, झाकणानं औषध मोजून कालवणारी पण बाईच, तिले काय? पदवीवाले भाऊ तुम्हीच म्हणता कालवताना सगळ्यात धोका, मंग तो धोका कोणाच्या हातात हाय ते पाहा ना. आमच्या इकडे बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालते, तेवढंच किट. साडीचा खालचा घोळ ओल्या पऱ्हाटीनं भिजते अन् दिवसभर पायाले लागून राह्यते. अन् बाजूच्या तासात निंदण चालू असताना इकडे फवारा चालू, हे तर कोणी बंदच करत नाई.

आणखी कपडे. फवारणीचे कपडे धुते कोण? मी तर ते वेगळ्या बकेटीत, हातमोजे घालूनच धुते, लेकराच्या कपड्यात कधी मिसळत नाई. पहिलं पाणी हापशीवर नाई, नाल्यावर नाई, दूर धुऱ्यावर टाकते. मंग साबण लावून दोनदा, अन् कडक उन्हात. किटचा कोट तर धुतलाच जात नाई, गोठ्यात खुंटीले टांगून ठेवते लोकं, खालीच वासरू बांधलेलं. सिस्टर म्हणते तसे हातमोजे घ्याले गेली तर दुकानात एकच माप, माह्या दोन बोटाएवढी जागा शिल्लक राह्यते. मोठ्या मोज्यात झाकण धरलं का ते हातातूनच निसटते.

बेसरम_झाड
ताई पॉइंट हाय. आता मजाक नाई करत. मले एक सांगा, मुंडे साहेबांच्या नावाची जे अपघाताची योजना हाय, त्यात फवारणीची विषबाधा धरते ना? दोन लाख?

कृषीपदवी_बेकार
धरते. मृत्यू झाला तर दोन लाख. पण ती सातबारावाल्याला अन् त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर जमीनच नाही अशा मजुराला त्यात जागा नाही, अन् पंप पाठीवर जास्त करून त्याच्याच असतो.
चुलीवरची ताई, तुमचं कालवायचं बरोबर आहे, मी लिहिताना पंपवालाच डोळ्यासमोर ठेवला. कालवणाऱ्याला एप्रन, मोजे, चष्मा एवढं तरी पाहिजेच, काम पाच मिनिटाचं असते त्यामुळे गरमीचा प्रश्नच येत नाही. हातानं ढवळू नका, लांब काठी ठेवा अन् ती काठी दुसऱ्या कशाला वापरू नका.

काळी_माती
सगळ्यायचे आभार. सिस्टरचं लिहिलेलं घरी वाचून दाखवलं, गड्याले बी. टाकीत साधं पाणी भरून पाह्यलं, झाकणातून खरंच गळते, वायसर आणलं. गड्यासंगं बोललो, तो म्हणे रोजानं द्या तर घालतो, सकाळीच फवारू, दुपारी दुसरं काम द्या. आता बाजूच्या वावरवाले मले शिव्या देऊन राहिले का तू रेट बिघडवला म्हणून. कोट सोडला, शर्ट अन् दोन मेनकापडं केले. चष्म्याचा साबणाचा जुगाड अर्धा जमला, घाम जास्त आला की धरतेच वाफ.
ताई, मापाचे मोजे तुम्हाले भेटले का कुठं? घरी बी तेच लागते.

चुलीवरची_भाकर
कृषी केंद्रात नाई भेटले. हार्डवेअरच्या दुकानात पाहा, रंगकाम अन् ॲसिडवाले जे हिरवे लांब मोजे घेते त्यात सात, आठ, नऊ असे नंबर येते. मले सात बसला. घालून, मूठ वळून पाहा अन् मंगच पैसे द्या.